उत्तर ठाऊक असलेलं रहस्य

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं काळाला चकवत जगलेला हा योगी आळंदीच्या एका पोराला पत्र लिहायला बसला आणि मायन्यापाशीच अडला, ही कथा मराठी घरांत बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने थोर; ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वयाने नातवंडाहून धाकटा. शेवटी कागद कोराच गेला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं. ते वाचायला घेतलं, की ध्यानात येतं, की बाहेरची कुठलीच माहिती त्यात नाही. पाहणारा आणि पाहिलं जाणारं हे दोन नव्हेत, एवढंच नाना दाखले देऊन उलगडलेलं आहे. ज्याने विचारलं, त्याच्या हाती उत्तर म्हणून त्याचाच चेहरा ठेवलेला आहे.

खुनाच्या सिनेमावर लिहिताना चांगदेवांपासून आरंभ करणं काहींना अप्रस्तुत वाटेल. पण रहस्याची दोन घराणी असतात आणि त्यांच्यातला फरक या कथेइतका स्वच्छ दुसरीकडे सापडत नाही. एका घराण्यात प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक नाव. शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमतात, गुप्तहेर एकेकाकडे बोट रोखत अखेर खऱ्या माणसापाशी थांबतो, पोलीस त्याला घेऊन जातात आणि उरलेले लोक चहा पितात. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या या घराण्याच्या. दुसऱ्या घराण्यात नाव सुरुवातीलाच सांगितलं तरी चालतं. नाव कळल्यावरही प्रश्न शिल्लकच राहतो, कारण विचारायचं असतं ते वेगळंच: आपल्यासारखाच दिसणारा, आपल्यासारखाच हप्ते भरणारा हा माणूस इथवर आला कसा? आणि त्याच्या जागी आपण असतो तर कुठल्या पायरीवरून मागे फिरलो असतो?

हे दुसरं घराणं म्हणजे फिल्म न्वार. दुसरं महायुद्ध संपल्यावर, युद्धकाळातल्या बंदीमुळे अडून राहिलेले अमेरिकी चित्रपट पॅरिसमध्ये एकदम दाखल झाले. ‘द मॉल्टीज फाल्कन’ (1941), ‘लॉरा’, ‘डबल इंडेम्निटी’ (दोन्ही 1944) पाहून नीनो फ्रँक या समीक्षकाने 1946 मध्ये त्यांना ‘काळा सिनेमा’ म्हटलं. ज्यांनी हे चित्रपट काढले त्यांना आपण ‘न्वार’ काढतोय याची गंधवार्ता नव्हती. नाव मागाहून आलं, माल आधीच तयार होता. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण आपल्याकडेही असंच झालं. फरक एवढाच, की आपल्या मालाला नाव द्यायला कुणी आलं नाही.

‘डबल इंडेम्निटी’चं उदाहरण पुणतांब्याच्या माणसाला चटकन कळेल. हे गाव दौंड–मनमाड मार्गावरचं जंक्शन. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. जंक्शनवर माणूस एका गाडीतून उतरून दुसरीत कसा मिसळून जातो, स्टेशनात शिरताना गाडी किती मंदावते, हे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. बिली वाइल्डरच्या या चित्रपटातला विमा एजंट वॉल्टर नेफ एका बाईच्या नादाने तिच्या नवऱ्याचा गळा मोटारीत घोटतो आणि मग त्याच नवऱ्याच्या कुबड्या काखेत घेऊन त्याच्या तिकिटावर गाडीत चढतो. शेवटच्या डब्याच्या सज्जात उभा राहतो, वेग कमी असताना उडी मारतो आणि प्रेत रुळावर नेऊन ठेवतो. रेल्वे अपघातात मेलेल्याला विम्याची रक्कम दुप्पट मिळते. चित्रपटाचं नावच त्या कलमावरून आलेलं आहे. विमा कंपनीतला जुना अधिकारी कीज हिशेब मांडतो, की ताशी 15 मैलांच्या गाडीतून उडी टाकून कुणी जीव देत नसतो, आणि तिथून सगळी वीण उसवत जाते.

पण नेफने खून केला हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच कळलेलं असतं. खांद्यात गोळी घेऊन तो रात्री कचेरीत येतो आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापुढे कबुलीजबाब देतो: पैशासाठी मारलं, बाईसाठी मारलं, आणि शेवटी दोन्ही मिळालं नाही. उत्तर देऊन टाकल्यावर पावणेदोन तास प्रेक्षक खुर्चीत कशासाठी बसतो? तर प्रेत रुळावर ठेवून दोघं मोटारीत बसतात आणि मोटार चालूच होत नाही, त्या क्षणी आपल्या घशाला कोरड पडते म्हणून. मोटार सुरू व्हावी असं आपल्याला मनापासून वाटतं. एका निरपराध माणसाचं प्रेत मागे पडलेलं आहे, आणि आपण खुन्यांच्या बाजूने श्वास रोखून बसलेलो आहोत. अभिजात न्वारची सगळी ओढ त्या चार-पाच क्षणांत आहे. अंधार, टोप्या, सिगारेटी, पावसाने ओले रस्ते हा त्याचा पोशाख झाला. जीव आहे तो प्रेक्षकाला साथीदार करून घेण्यात.

पोशाखाचीही एक वंशावळ आहे आणि ती आपल्या अंगणातून जाते. काळ्या-पांढऱ्याचा तो टोकाचा खेळ, भिंतीवर माणसाहून मोठी झालेली सावली, तिरका कोन हे सगळं 1920 च्या दशकातल्या जर्मन सिनेमाचं देणं. नाझी राजवटीच्या धाकाने फ्रिट्झ लांग, वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक अशी मंडळी हॉलीवूडला पोचली आणि ती भाषा सोबत घेऊन गेली. पण त्याच झऱ्याचा दुसरा पाट आपल्याकडे वळला होता. मुंबईत ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये योजेफ विर्शिंग हा जर्मन छायालेखक काम करत होता, पुढे ‘महल’ची (1949) गूढ, सावल्यांनी भरलेली दृश्यं त्याच्याच कॅमेऱ्यातून उतरली. आणि प्रभात कंपनीचे व्ही. शांताराम 1933 मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढायला स्वतः जर्मनीला गेले. परत येऊन त्यांनी ‘अमृतमंथन’ (1934) केला. त्यातला पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळा पाहिला, की शांतारामबापू तिकडून फक्त रसायनं शिकून आले नव्हते हे पटतं.

याच प्रभातने पुण्यात 1939 मध्ये ‘माणूस’ काढला. नीनो फ्रँकला ‘न्वार’ हा शब्द सुचायला अजून सात वर्षं होती.

‘माणूस’ची गोष्ट थोडक्यात सांगता येते. गणपत हा साधा, सरळ पोलीस शिपाई. छाप्याच्या रात्री त्याला मैना भेटते, वेश्यावस्तीतली. तो तिला वाचवतो आणि तिथून दोघांची आयुष्यं एकमेकांत गुंतत जातात. तिला त्या वस्तीतून बाहेर काढायचं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. तो तिला आईसमोरही नेतो. पण देवघरापुढे बसलेल्या त्या म्हातारीच्या घरात मैनेचा पाय ठरत नाही. तिला कुणी हाकललेलं नसतं. आपल्या अंगाला चिकटलेलं गाव कितीही धुतलं तरी जाणार नाही, असं तिचं तिलाच वाटतं. शेवटी तिला पिळून खाणाऱ्या नातलगाचा ती खून करते. गणपत तिला सोडवायला निघतो, तर ती सुटका नाकारते.

आता हा खुनाचा चित्रपट आहे, पण त्यात रहस्य काय? खून कुणी केला हे उघड आहे, का केला हेही. तरीही ‘माणूस’ बघताना खुनाच्या किती आधीपासून छातीवर दडपण येतं! रात्रीची गल्ली, दिव्याच्या खांबाखालचा उजेडाचा गोल, त्या गोलात येणारी-जाणारी माणसं, बुटांचे आवाज. कायद्याचा गणवेश घातलेला माणूस कायद्याच्या पलीकडे पाऊल टाकतो आहे आणि ते पाऊल चुकीचं आहे असं आपल्याला म्हणवत नाही. हीच ती जागा. वॉल्टर नेफची मोटार सुरू व्हावी असं वाटणारा प्रेक्षक आणि मैनेने सुटावं असं वाटणारा प्रेक्षक एकाच बाकावर बसलेले असतात. फक्त मैना स्वतः त्या बाकाकडे पाहून नको म्हणते, आणि प्रेक्षक एकटा पडतो.

शांता हुबळीकर यांनी मैना ज्या ताठ मानेने उभी केली, तिच्याशी अमेरिकी न्वारमधल्या नायिकांची तुलना करावीशी वाटते. तिकडे पुरुषाला भुलवून खड्ड्यात नेणारी बाई हे ठरीव पात्र झालं. युद्धकाळात कारखान्यांत कामाला गेलेल्या बायकांबद्दल पुरुषांच्या मनात साचलेली धास्ती त्यात उतरली, असं अनेक अभ्यासकांनी मांडलेलं आहे. मैना कुणाला भुलवत नाही. गणपत खड्ड्याकडे चालतो तो आपल्या चांगुलपणाच्या जोरावर, आणि त्याला कड्यावरून मागे ओढते ती तीच. ‘देवदास’मधल्या (1935) खचलेपणाला शांतारामबापूंना उत्तर द्यायचं होतं, हे त्यांनीच सांगितलेलं आहे, म्हणून गणपत व्यसनाच्या आणि मरणाच्या दारातून परततो आणि कामावर रुजू होतो. काही जण म्हणतील, मग हा न्वार कसला, शेवट तर जगण्याकडे वळतो. पण नीट पाहावं. गणपत जगतो, मैना सुटत नाही. चित्रपट तिला निर्दोष ठरवत नाही, दुसराच खुनी शोधून काढत नाही, न्यायाधीशाला पाझर फुटत नाही. डाग आहे तिथेच आहे आणि माणसाला त्याच्यासकट पहाऱ्यावर जायचं आहे. यापेक्षा कणखर शेवट मराठी पडद्यावर फार थोडे सापडतील.

गणपत झालेले शाहू मोडक पुणतांब्याच्याच जिल्ह्याचे. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबात 1918 मध्ये त्यांचा जन्म झाला. ‘माणूस’ पडद्यावर आला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ते ज्ञानदेव झाले: वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भिंतीवर बसून सामोरे जाणारे ज्ञानदेव. एकाच नटाच्या चेहऱ्याने वर्षभराच्या अंतराने वेश्येच्या दाराशी उभा राहिलेला शिपाई आणि पुणतांब्याच्या योग्याचा अहंकार उतरवणारा संत हे दोन्ही पेलले आणि मराठी प्रेक्षकाला त्यात काही विपरीत वाटलं नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाची तब्येत किती चांगली होती, याचा हा पुरावाच म्हणायचा.

मग पुढे काय झालं? वाट होती, चालणारेही होते, तरी मराठी सिनेमा त्या वाटेने फारसा गेला नाही.

याचा दोष वाचकांच्या-प्रेक्षकांच्या आवडीवर टाकता येणार नाही. खुनाच्या गोष्टीची मराठी भूक जबरदस्त होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावं गिरणगावातल्या खोल्यांपासून एस. टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपर्यंत पोचली होती. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. वाचनालयात ही पुस्तकं सगळ्यांत जास्त फाटलेली असत, कारण ती सगळ्यांत जास्त हातांतून गेलेली असत. पण प्रतिष्ठित साहित्यव्यवहाराने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्याची एक किंमत पडली. ज्या लेखकाकडे माणसाच्या मनाचे कोपरे धुंडाळायची ताकद होती तो खुनाच्या गोष्टीकडे वळेना, आणि जो खुनाच्या गोष्टी लिहीत होता त्याला महिन्याकाठी इतक्या लिहाव्या लागत, की कोपऱ्यांत शिरायला सवड नव्हती. शिवाय झुंजार हा वेळ पडली तर कायदा मोडणारा, पण गरिबांचा कैवारी. त्याच्या हातून घडलेलं वाचकाने आधीच माफ केलेलं असे. माफी आधीच मिळाली, की मनाला कुरतडायला काही उरत नाही.

मुंबईच्या हिंदी सिनेमात पन्नासचं दशक काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांचं होतं. गुरुदत्तचा ‘बाजी’ (1951), राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’ (1956), शक्ती सामंतांचा ‘हावडा ब्रिज’ (1958) हे आजही डोळ्यांना सुख देतात. ‘बाजी’त नायिकेचा प्रतिष्ठित बापच काळ्या धंद्याचा सूत्रधार निघतो, ‘सी.आय.डी.’त तपास करणारा इन्स्पेक्टर स्वतः आरोपी होतो. म्हणजे जमिनीत ओलावा होता. पण देव आनंदच्या हातून खरा खून होणार नाही याची हमी तिकिटासोबतच मिळायची.

मराठीत या साऱ्याचा कळस आणि अडसर एकाच चित्रपटात पाहायला मिळतो: राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. त्यावरूनच राज खोसलांनी दोन वर्षांनी ‘मेरा साया’ केला, आणि झालं असं, की नक्कल देशभर गाजली, मूळ मात्र महाराष्ट्राच्या आठवणीपुरतं राहिलं. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ करणाऱ्या राजाभाऊंना हसवता येतं, रडवता येतं हे ठाऊक होतं. ‘पाठलाग’मध्ये त्यांनी अस्वस्थ करून दाखवलं. काशीनाथ घाणेकर यात वकील आहेत. आजारी बायको त्यांच्या हातांवर मरते, चितेला अग्नी त्यांनीच दिलेला आहे. आणि थोड्याच दिवसांत गुन्हेगारांच्या टोळीशी संबंध असल्याच्या आरोपाखाली पकडलेली एक बाई कोर्टात सांगते, की मी यांची बायको. चेहरा तोच. ज्या गोष्टी नवरा-बायकोशिवाय कुणाला ठाऊक असणं शक्य नाही, त्या ती भर कोर्टात सांगू लागते.

‘लॉरा’शी याचं नातं विलक्षण आहे. ऑटो प्रेमिंजरच्या त्या चित्रपटात लॉराच्या खुनाचा तपास करणारा मॅक्फर्सन तिच्या घरी भिंतीवरच्या तसबिरीखाली बसून राहतो, तिची पत्रं वाचतो आणि मेलेल्या बाईच्या प्रेमात पडतो. तिथेच त्याला डुलकी लागते, दार उघडतं आणि लॉरा आत येते. खून झालेला असतो तो दुसऱ्याच मुलीचा. दोन्हीकडे मरण पावलेली स्त्री परत येते, दोन्हीकडे प्रेत भलतीचं असतं, दोन्हीकडे परत आलेल्या बाईला पाहून पुरुषाला आनंदाआधी संशय येतो. ‘लॉरा’तही नायिका निर्दोषच ठरते. पण प्रेमिंजर तिथे थांबत नाही. खुनी निघतो तो लॉराला घडवल्याचा अभिमान मिरवणारा सुसंस्कृत स्तंभलेखक, आणि तिला वाचवणारा पोलीसही तसबिरीवरच भाळलेला. जिवंत बाई कुणालाच नको होती, ही बोच चित्रपट संपल्यावरही जात नाही.

‘पाठलाग’ त्या बोचेच्या अगदी जवळ जातो. घाणेकरांच्या डोळ्यांत जे काहूर दिसतं ते कोर्टाच्या निकालाबद्दलचं नाहीच. हिला खोटी म्हणावं, तर तिच्या तोंडून आपलाच संसार बोलतो आहे. खरी म्हणावं, तर मग आपण जाळलं ते कुणाला? नवऱ्याला बायकोची ओळख नक्की कशाने पटते: चेहऱ्याने, आठवणींनी, की समाजाने दिलेल्या शिक्क्याने? गुन्हेगारांच्या संगतीत राहून आलेली बाई, खरी असली तरी, तो घरात घेईल का? सीतेपासून चालत आलेला हा प्रश्न साठच्या दशकातल्या मराठी मध्यमवर्गापुढे, वकिलाच्या काळ्या डगल्यात, उभा राहतो. हे सगळं मांडून झाल्यावर चित्रपट एक जुळी बहीण पुढे करतो. मेली ती बहीण, परत आली ती पत्नी, आणि वाकड्या वाटेचा जो काही कलंक होता तो बहिणीसोबत चितेवर गेला. नवऱ्याला काहीच पत्करावं लागत नाही. प्रेक्षक डोळे पुसत, हलका होऊन घरी जातो.

हा हलकेपणा हीच आपल्या रहस्यपटांची खोड. ‘माणूस’ने 1939 मध्ये डाग पुसला नाही. पंचवीस वर्षांनी, कितीतरी सफाईदार तंत्र हाताशी असताना, तो पुसण्याची सोय आधी करून ठेवण्यात आली. मधल्या काळात स्वातंत्र्य आलं होतं, मध्यमवर्गाला आपण सभ्य असल्याची ग्वाही हवी होती आणि सिनेमा ती देत होता. ‘पाठलाग’ हा श्रेष्ठ चित्रपट आहे, त्याला राष्ट्रीय पारितोषिक लाभलं ते योग्यच झालं. पण त्याचा शेवट त्याच्या मध्यापेक्षा लहान आहे हे म्हटलंच पाहिजे.

इथे एक आक्षेप येईल. अमेरिकी न्वारमध्येही गुन्हेगाराला शिक्षा होतेच की. 1934 पासून काटेकोर झालेली तिथली आचारसंहिता गुन्हा पचू देत नव्हती. नेफलाही शेवटी मरणाच्या वाटेवरच पाहतो आपण. मग त्यांची शिक्षा आणि आपली सुटका यांत मोठा फरक काय? फरक आहे आणि तो फार मोठा आहे. शिक्षा झाली म्हणून केलेलं कर्म नाहीसं होत नाही, उलट ते त्या माणसाचंच होतं असं शिक्कामोर्तब होतं. जुळी बहीण निघाली, की कर्मच नाहीसं होतं. पहिल्यात प्रेक्षकाने दोन तास जे भोगलं ते खरं ठरतं. दुसऱ्यात त्याला सांगितलं जातं, तुला उगाच भीती वाटली.

खऱ्या खुनांवरच्या मालिका सध्या धो-धो येत आहेत, मानवत हत्याकांडावरची 2024 मध्ये आली. त्यांची जागा वेगळी आहे. तिथे तपासाचं कौशल्य दिसतं, पोलिसांच्या पायपिटीचं मोल कळतं. न्वारला मात्र तपासाच्या आधीच्या संध्याकाळी रस असतो.

त्या संध्याकाळी मराठी वळणाने परत उजळल्या त्या बऱ्याच वर्षांनी, आणि पुन्हा पुण्यातच. निखिल महाजन यांचा ‘पुणे 52’ जानेवारी 2013 मध्ये आला. काळ 1992 चा, उदारीकरणाचा. गिरीश कुलकर्णी यांचा अमर आपटे हा खासगी गुप्तहेर लोकांच्या बायका-नवऱ्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरतो. स्वतःचा संसार पैशाअभावी कुरकुरतो आहे, आणि चांगले पैसे देणारी एक स्त्री नवं काम घेऊन येते. बाजार उघडताना माणसाच्या आत काय-काय विक्रीला निघालं, हे त्या काळावरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा या चित्रपटात जास्त टोचतं. तो तिकीटबारीवर चालला नाही. याच महाजनांना पुढे ‘गोदावरी’साठी दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, नाशकात चित्रित झालेली ती नदी पुढे वाहत पुणतांब्यालाच येते.

आणि 2018 चा ‘अंधाधुन’. श्रीराम राघवन पुण्यात वाढले, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. ती संस्था 1960 मध्ये उभी राहिली ती प्रभातच्या जागेवर. ज्या आवारात मैनेची गल्ली उभारली गेली होती तिथेच या दिग्दर्शकाने सिनेमा गिरवला, हा योगायोग नुसता सुंदर नाही, त्यात परंपरेचा धागा आहे. ‘अंधाधुन’मध्ये आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये वाजवायला जातो. समोर प्रेत पडलेलं आहे. खुनी बाई आणि तिचा जोडीदार मुकाट्याने आवराआवर करताहेत, आणि हा वाजवतो आहे, कारण दिसतंय असं दाखवलं तर मेला. त्याला सगळं दिसतंय, आपल्यालाही सगळं दिसतंय, आणि दोघांनीही न पाहिल्यासारखं करायचं आहे. पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांत फट उरत नाही. मूळ कल्पना एका फ्रेंच लघुपटाची, पण ते अवघडलेपण अस्सल पुणेरी जिन्यांचं, बेल वाजवणाऱ्या शेजारणीचं आणि सोसायटीच्या लिफ्टचं आहे. शेवटी तो खरंच आंधळा आहे की नाही, त्याने सांगितलेलं किती खरं, याचा निवाडा राघवन करून देत नाहीत. हिंदीत बोलणारा हा चित्रपट ‘माणूस’चा वारस आहे.

मग पुढचा मराठी न्वार कुठे घडेल? पुण्या-मुंबईतच घडायला हवा असं कुणी सांगितलं? रोमन पोलान्स्कीचा ‘चायनाटाउन’ (1974) हा या घराण्याचा उत्तरकाळातला मुकुटमणी, आणि त्यातला खून कशावरून होतो, तर पाण्यावरून. दुष्काळात लॉस एंजेलिसचं पाणी रात्री गुपचूप सोडून दिलं जातं, शेतकऱ्यांच्या जमिनी कवडीमोलाने घेतल्या जातात आणि मग तिथेच पाणी पोचवायचं ठरतं. पाणी, जमीन, पैसा. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. गोदावरीचे कालवे, आवर्तनाच्या तारखा, जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दर टंचाईत पेटणारा नगर-नाशिक आणि मराठवाड्याचा वाद, ऊस, पतसंस्थांचं कर्ज, शिर्डीच्या देवस्थानामुळे चढलेले जमिनींचे भाव, समृद्धी महामार्गाच्या मोजण्या. याच पुणतांब्यातून 1 जून 2017 रोजी शेतकऱ्यांच्या संपाला तोंड फुटलं आणि दूध-भाजीच्या गाड्या थांबल्या. ज्या गावाला आपला प्रश्न राज्यापुढे मांडता येतो, त्या गावाच्या पोटात गोष्टी नसतील असं कसं होईल?

प्रकाशयोजनाही इथे तयार आहे. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीची मिळते. माणूस मध्यरात्री घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातो. पाचटात खसखस होते. बिबट्या असेल, माणूस असेल. बॅटरीचा झोत चार हातांवर संपतो आणि पुढे काळोखाची भिंत. बांधावरून कुणी हाक मारली तर ओ द्यावी की न द्यावी, असा विचार करत तो उभा राहतो. कॅलिफोर्नियातल्या छायालेखकांनी खिडक्यांच्या पट्ट्या आणि धुराची यंत्रं वापरून जे उभं केलं, ते इथे खरंखुरं आहे. हवा आहे तो दिग्दर्शक, जो त्या माणसाच्या हातून पाण्याच्या एका पाळीपायी नको ते घडू देईल आणि मग जुळा भाऊ शोधायला धावणार नाही.

तोवर एवढं करता येईल. नगर-नाशिकच्या जत्रांत एके काळी तंबूतला सिनेमा चाले. जमिनीवर बसून, डासांशी झुंजत, लोक मध्यरात्रीपर्यंत पडद्याकडे डोळे लावून असत. आता पडदा लावायला तंबू लागत नाही. पुणतांब्याच्या तरुण मंडळांनी, ग्रंथालयांनी, शाळांनी गोदाकाठी दोन रात्रींचा खेळ लावावा: पहिल्या रात्री ‘माणूस’, दुसऱ्या रात्री ‘संत ज्ञानेश्वर’. दोन्हीकडे चेहरा नगरच्या शाहू मोडकांचाच असेल.